किल्ला वाचणाऱ्या डोळ्यांनी बंद कारखाना

नाशिक जिल्ह्यात साठाच्या आसपास किल्ले आहेत, आणि त्यांपैकी एखाद्यावर पोहोचलेला माणूस आधी काय शोधतो हे इथल्या भटक्यांना सांगावे लागत नाही. तो पाण्याची टाकी शोधतो. टाक्यांची संख्या आणि खोली पाहून गडावर किती शिबंदी, म्हणजे राखणीची फौज, राहत असेल याचा अंदाज बांधतो, दरवाजा कोणत्या बाजूला का वळवला आहे ते पाहतो, कडा जिथे स्वतःच राखण करतो तिथे तट का घातलेला नाही हे त्याला लगेच उमगते, आणि गवतात बुडालेल्या जोत्यांवरून सदर कुठे आणि कोठार कुठे ते तो ओळखतो. हे वाचन शाळेत शिकवले जात नाही. ते चालताना, आपल्याहून जाणत्या माणसाच्या मागून जाताना येते. याच नजरेने मी गेली काही वर्षे घाटातल्या जुन्या रेल्वेखुणा, निवृत्त झालेली वीजकेंद्रे आणि बंद पडलेले कारखाने पाहत आलो आहे, आणि ही नजर तिथेही तितकीच चालते असा माझा पक्का अनुभव आहे.

किल्ले म्हणजे तरी काय? ती युद्धासाठी बांधलेली आणि युद्धाची रीत बदलल्यावर टाकून दिलेली ठिकाणेच आहेत. १८१८ मध्ये त्र्यंबकगड इंग्रजांच्या हाती गेला, पाठोपाठ आजूबाजूचे किल्ले पडले, आणि पुन्हा कोणी त्यांच्या आश्रयाने उभे राहू नये म्हणून त्यांतल्या अनेकांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवण्यात आल्या. त्यानंतर कितीतरी दशके गुराखी आणि घोटभर पाणी शोधणारी वानरे एवढाच तिथला राबता होता. त्याच किल्ल्यांतला बागलाणचा साल्हेर जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्या आनंदात मी एक हिशेबही केला, तो असा की टाकून दिले जाणे आणि वारसा ठरणे यांच्यामध्ये दोनशेहून अधिक वर्षे गेली आणि तेवढा काळ दगड टिकला. लोखंड टिकत नाही, आणि टिकले तरी त्याला भंगारात किलोवर भाव असल्यामुळे कोणी टिकू देत नाही. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात किमान शंभर वर्षे जुनी वास्तूच राष्ट्रीय स्मारक म्हणून विचारात घेतली जाते. साठच्या दशकात उभ्या राहिलेल्या कारखान्याने ती वयोमर्यादा गाठेपर्यंत त्याच्या जागी प्लॉट पडलेले असतील.

युद्धकाळातले आसरे म्हटले की युरोपातल्या शहरांची चित्रे डोळ्यांसमोर येतात, आणि त्याला कारण आहे. लंडनमध्ये दुसऱ्या महायुद्धात भुयारी रेल्वेच्या खाली आठ खोल आश्रयस्थाने खोदली गेली, आणि त्यांतल्या प्रत्येकात सुमारे ८,००० माणसांची झोपण्याची सोय होती. त्यांतल्या क्लॅपहॅम साउथ येथील भुयारात १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ या जहाजाने वेस्ट इंडिजमधून आलेल्या आणि राहायला जागा नसलेल्या दोनशेहून अधिक लोकांना उतरवण्यात आले. त्याच युद्धात सेंट्रल मार्गाच्या अजून गाडी न धावलेल्या बोगद्यांत प्लेसी कंपनीने विमानांचे भाग बनवण्याचा सुमारे पाच मैल लांबीचा कारखाना थाटला होता आणि तिथे साधारण २,००० कामगार, त्यात बहुसंख्य स्त्रिया, जमिनीखाली पाळ्या करीत होत्या. आणि ३ मार्च १९४३ च्या रात्री बेथनल ग्रीनच्या आसऱ्यात उतरताना जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन १७३ माणसे मेली, तेव्हा त्या परिसरात एकही बॉम्ब पडलेला नव्हता. अशा जागी उतरणाऱ्याने जिन्याची रुंदी, कठड्याची जागा आणि दिव्याची सोय पाहावी, कारण तिथला सगळा इतिहास त्या पायऱ्यांत आहे.

आपल्याकडे मुंबईत राजभवनाखाली २०१६ मध्ये बुजवलेली भिंत फोडल्यावर सुमारे १५० मीटर लांबीचे आणि तेरा खोल्यांचे बंकर मिळाले, खोल्यांवर तोफगोळ्यांच्या कोठाराची, काडतुसांच्या कोठाराची नावे तशीच होती, आणि २०१९ मध्ये तिथे संग्रहालय झाले. नाशिकला असे काही नाही. नाशिकचा युद्धकालीन आसरा म्हणजे मातीतला खंदक. १९७१ च्या डिसेंबरमध्ये खिडक्यांना काळे कागद लावलेले आणि मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे, आणि शाळेच्या मैदानात खणलेल्या नागमोडी चरांची आठवणही ती सांगते. ते चर सरळ रेषेत का नव्हते, हे मला पूर्वी कोणी समजावले नव्हते. सरळ चराच्या एका टोकाला बॉम्ब पडला तर स्फोटाचा दाब आणि तुकडे दुसऱ्या टोकापर्यंत जातात, चराला वळण असेल तर ते वळणाशी अडतात. युद्ध संपल्यावर मुलांनी पाय मोडून घेऊ नयेत म्हणून चर बुजवले गेले, आणि आज त्या मैदानांवर त्यांची खूण म्हणून उभी राहिलेली एकही गोष्ट नाही. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली तेव्हा राज्यातल्या निवडक ठिकाणांत नाशिक, सिन्नर आणि मनमाड ही तिन्ही नावे होती. भोंगे वाजले. त्या वेळी माझ्या मनात आले की आपल्या शहरात ज्यांना चर कुठे आणि कसा खणायचा हे हाताने माहीत होते, ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांना कोणी विचारलेले नाही.

देवळाली कॅम्पाविषयी मी फार लिहिणार नाही. एकोणिसाव्या शतकापासून तिथे इंग्रजी पलटणी मुंबईच्या बोटीची वाट पाहत मुक्कामाला असत, आज तिथे तोफखान्याचे शिक्षण चालते, आणि लष्कराच्या हद्दीत कुतूहलापोटी शिरणे हे बेकायदाही आहे आणि जिवावर बेतणारेही. चालू लष्करी जागा हा भटकंतीचा विषय नाही. रस्त्यावरून दिसणाऱ्या जुन्या बैठ्या इमारती, त्यांची उंच छपरे आणि रुंद व्हरांडे पाहावेत आणि पुढे निघावे.

घाटाची गोष्ट वेगळी आहे. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारा थळ घाट ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बांधला आणि १८६५ च्या आरंभी तो खुला झाला. सव्वानऊ मैलांत ९७२ फुटांची चढण, जिथे कडक तिथे सदतीस फुटांना एक फूट असा चढ, तेरा बोगदे आणि दरीवरचे उंच पूल अशी ती मूळची रचना होती, आणि सुरुवातीला घाटाच्या मध्ये एका ठिकाणी गाडीला थांबून उलट दिशेने पुढची चढण चढावी लागे, कारण तेवढ्या जागेत वळण बसत नव्हते. पुढे मार्ग सुधारला आणि ते उलटे स्थानक गेले. आजही जड गाड्यांना मागून ढकलायला कसाऱ्याला जादा इंजिने जोडतात, म्हणजे दीडशे वर्षांत इंजिन बदलले पण चढाचा हट्ट तोच आहे.

इथे किल्ल्याचा पहिला धडा उपयोगी पडतो, आणि तो म्हणजे पाणी कुठे आहे ते पाहणे. वाफेचे इंजिन चढावर कोळशाच्या कित्येक पट पाणी पिते. इगतपुरी गावाजवळच्या जुन्या तलावाचे पाणी स्टेशनाला आणि गावाला मिळत असे, हे कळल्यावर इगतपुरी घाटमाथ्यावर एवढी का वाढली, इंजिनांची शेड तिथेच का आली, रेल्वेच्या चाळी कोणत्या अंगाला का आहेत, याचा नकाशा आपोआप उलगडतो. १९३० च्या सुमारास या घाटात वीज आली. तिच्यासाठी ठाकुर्लीला खाडीकाठी चोळ्याचे वीजघर उभे राहिले, तेही आता कित्येक वर्षे बंद आहे. मुंबईकडून येणारा १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह आणि पुढचा २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह यांची सीमा बराच काळ इगतपुरीला होती, त्यामुळे तिथे इंजिन बदलले जाई आणि त्या थांब्यावर वडे विकणाऱ्यांची एक पूर्ण पिढी पोसली गेली. सीमा हलली, थांबा आखडला. रुळांवर याची खूण शोधून सापडणार नाही. फलाटाच्या कडेला बसणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या विक्रेत्याला विचारले तर तो सगळे सांगतो.

बोगद्यांपर्यंत रुळांवरून चालत जाण्याचा मोह ज्यांना होतो त्यांनी तो आवरावा. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे, आणि कायद्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की वळणदार बोगद्यात मागून येणारी गाडी ऐकू येते तोवर बाजूला व्हायला जागा उरलेली नसते. जुन्या आग्रा रस्त्याच्या कडेने, पावसाळा सरल्यावर, दरीपलीकडच्या उतारावर रेल्वेची रेघ जशी दिसते तशी ती आतून कधीच दिसत नाही. तिथून पाहताना मला मुख्य अभियंता जेम्स बर्कली याची आठवण होते. त्याने हा घाट आखला, आणि काम पुरे होण्याआधी, १८६२ मध्ये, तो वारला. त्याचे नाव निदान नोंदीत आहे. ज्यांनी दोर बांधून कड्यावर लोंबकळत पहारीने पहिली भोके पाडली त्यांच्यातल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरीजवळचा पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा वाहतुकीला खुला झाला आणि आता ती सगळी चढण मोटारीतून काही मिनिटांत पार होते. त्या बोगद्यात काम केलेल्यांची नावे कुठे तरी लिहून ठेवलेली असावीत, असे मला फार वाटते.

शहराच्या अगदी जवळ एकलहऱ्याला औष्णिक वीजकेंद्रातले १४० मेगावॅटचे दोन संच १९७० आणि १९७१ मध्ये सुरू झाले होते, ते आता सेवेतून गेले आहेत, आणि २१० मेगावॅटच्या नंतरच्या संचांमुळे केंद्र चालू आहे. नाशिकरोडहून मनमाडकडे जाताना ती धुराडी दिसतात. चालू आवाराच्या आत निवृत्त झालेले यंत्र ही एक वेगळीच गोष्ट असते, कारण त्याची माहिती सांगू शकणारी माणसे शेजारच्या संचावर अजून पाळी करीत असतात.

माझे सर्वांत जास्त मन रमले ते मात्र गोदावरीच्या कालव्यांच्या पट्ट्यातल्या एका बंद सहकारी साखर कारखान्यात. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या देण्यांची प्रकरणे अनेक घरांत अजून ओली आहेत. रीतसर अर्ज करून, परवानगीचे पत्र हातात घेऊन आणि रखवालदाराच्या सोबतीनेच मी तिथे गेलो, आणि पुढेही तसाच जाईन.

फाटकापाशी टाइम ऑफिस असते. किल्ल्याच्या दरवाज्यातल्या पहारेकऱ्यांच्या देवड्या जशा आत येणाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी असतात, तसेच हे ऑफिस येणाऱ्या प्रत्येकाची वेळ टिपण्यासाठी असते. भिंतीवरच्या लाकडी खणांत हजेरीची कार्डे उभी राहत. खण मोजले की शिबंदी कळते. पुढे वजनाचा काटा लागतो, आणि काटे दोन असतात. एक ट्रक आणि ट्रॅक्टरचा, दुसरा बैलगाडीचा, आणि बैलगाडीच्या काट्याजवळ झाडांची रांग आहे, कारण हंगामात नंबर लागेपर्यंत बैलांना रात्र रात्र सावली आणि आडोसा लागे. त्या झाडांच्या खोडांवर दोरांनी पडलेले खोल वळ आहेत. पहिल्याच फेरीत मला त्या वळांपाशी बराच वेळ थांबावेसे वाटले.

काट्यानंतर गव्हाण, म्हणजे ऊस यंत्रांकडे नेणारा फिरता पट्टा. इथेच दरवर्षी मोळी टाकण्याचा कार्यक्रम होई आणि गळीत हंगाम सुरू होई. गव्हाणीतून ऊस सुऱ्यांखाली आणि मग तीन तीन लाटांच्या चरकांमध्ये जाई. लाटांवरचे खाचे हाताने तपासले तर मधल्या भागात ते बोथट आणि कडेला तीक्ष्ण लागतात, आणि किती हंगामांचा ऊस त्यांच्यामधून गेला याचा तो लेखी पुरावाच आहे. चोथा बॉयलरकडे, रस वरच्या टाक्यांकडे. उसाच्या वजनाचा सुमारे सत्तर टक्के भाग पाणीच असते, म्हणून साखर कारखाना आपले बरेचसे पाणी स्वतः आणलेल्या मालातूनच मिळवतो, आणि टाक्यांचा शोध घेणारा दुर्गभटक्या इथे आल्यावर प्रथम गोंधळतो तो याचमुळे. रसाला चुन्याचे दाट पाणी आणि गंधकाचा धूर देऊन गाळ खाली बसवत, स्वच्छ रस एकामागून एक अशा बाष्पकांत आटवत, आणि तो दाट पाक सर्वांत वरच्या मजल्यावरच्या पॅनमध्ये, म्हणजे साखरेचे दाणे धरवणाऱ्या मोठ्या बंद भांड्यात, जाई.

पॅन सर्वांत वर का? गडावर बालेकिल्ला उंचावर असतो तो नजर आणि बचाव यांसाठी. इथे उंचीचे कारण गुरुत्वाकर्षण आहे. दाणे धरलेला घट्ट पाक पंपाने ढकलला तर दाणा मोडतो, म्हणून तो वरून स्वतःच्या वजनाने खालच्या थंड करण्याच्या कुंडांत आणि तिथून दाणा आणि मळी वेगळी करणाऱ्या फिरत्या यंत्रांत उतरवतात. एकदा हे समजले की सगळी इमारत वरून खाली वाचता येते, आणि गोदाम सर्वांत खाली, रस्त्याच्या पातळीला, का आहे हेही कळते.

या जागा पाहताना सावधगिरी हा सल्ल्याचा भाग नसून वाचनाचाच भाग आहे, असे मी मानतो. मळीच्या टाकीत किंवा सांडपाण्याच्या खड्ड्यात उतरू नये. मळी आंबली की कार्बन डायऑक्साइड वायू तळाशी साचतो, कुजणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि त्याला सडक्या अंड्याचा वास असला तरी प्रमाण वाढले की नाकाला तो वास कळेनासाच होतो. एकाला वाचवायला उतरलेला दुसराही त्यामुळेच मरतो. जुन्या बॉयलरच्या आणि वाफेच्या नळांवरच्या पांढऱ्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकते, ते फाटलेले असेल तर त्या भागात पाऊल टाकू नये. गंजलेल्या जाळीच्या पुलावर खालची पट्टी पाहिल्याशिवाय वजन देऊ नये. हे सगळे धोके कामगारांच्या रोजच्या आयुष्यात होते, आणि त्यांपासून बचावाच्या त्यांच्या रीती समजून घेणे हेही त्या जागेला समजून घेणेच आहे.

कारखान्याच्या आवारापलीकडे एक मोकळे मैदान आहे, आणि त्या मैदानाने मला कारखान्यापेक्षाही जास्त अस्वस्थ केले. तिथे हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहत. आता बाभळी आहेत, आणि गवतात तीन तीन दगडांच्या चुली. कायम कामगारांची नावे हजेरीपटावर आहेत, पगारपत्रकांत आहेत, सेवानिवृत्तीच्या फायलींत आहेत. तोडणीवाल्यांची नोंद मुकादमाच्या नावाखाली, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता अशी. म्हणजे ज्या बाईने डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रक भरला, तिचा कागदावर स्वतंत्र आकडाही नाही. गडावरच्या जोत्यांचे आपण मोजमाप करतो, नकाशे काढतो, पण या चुलींचे मोजमाप कोणी केलेले नाही, आणि बाभळी तोडून मैदान सपाट करायला एका यंत्राला एक दुपार पुरेल.

बंद जागेचे चित्र काढणारे आणि फोटो टाकणारे पुष्कळ आहेत, आणि वेलींनी वेढलेले चाक सुंदर दिसते हे मलाही नाकारता येत नाही. पण फक्त सुंदर दिसते म्हणून टिपलेल्या चाकाविषयी, ते कोण फिरवत होते हे कळल्याशिवाय, मला काही बोलावेसे वाटत नाही. म्हणून मी फोटो घेऊन गावात गेलो आणि विचारत विचारत एका निवृत्त पॅनमनच्या ओसरीवर पोहोचलो. त्यांना सगळे नाना म्हणतात. मी मोबाइलवर पॅनचा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि पहिला प्रश्न विचारला, “बाजूची काच शाबूत आहे का?”

पॅनच्या अंगाला आत पाहायची काच असते आणि शेजारी नमुना काढायचा दांडा. नाना सांगत होते की पाक दाटत आला की दांड्याने थोडा नमुना काढून काचेच्या पट्टीवर पसरवायचा, दिव्यासमोर धरून दाणा उभा राहिला का पाहायचे, आणि मग अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन तार बघायची. घरी चिक्कीच्या पाकाची जशी बघतात तशीच, फक्त इथे पाक कित्येक टनांचा. तार लवकर तुटली तर थांबायचे, लांब आली तर रस सोडायचा, आणि मध्येच खोटा, म्हणजे नको असलेला बारीक, दाणा पडला तर थोडे पाणी सोडून तो विरघळवायचा. “मीटर होते, पण मीटर उशिरा सांगते,” ते म्हणाले. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याची आणि तर्जनीची टोके इतर बोटांपेक्षा गुळगुळीत आहेत.

त्यांनी माझे सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून पाहिले आणि प्रत्येकाखाली काय लिहायचे ते सांगितले. कोणता झडपेचा दांडा कोणत्या हाताने फिरवायचा, रात्रपाळीला चहाचा डबा कोणत्या गरम नळावर ठेवायचा, बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी पूजेला कोण बसे, भोंगा किती वेळा वाजला म्हणजे अपघात समजायचा. मी वहीत लिहून घेत होतो, आणि मध्ये मध्ये काकू आतून त्यांना दुरुस्त करीत होत्या, कारण भोंग्याच्या वेळेवर त्या घराचा स्वयंपाक चाले आणि त्यांना वेळा जास्त नेमक्या पाठ होत्या.

निघताना नानांनी विचारले की परवानगीच्या पत्रात आणखी नावे घालता येतात का. त्यांना, त्यांच्या बरोबरच्या एका फिटरला आणि टोळीबरोबर येऊन पुढे याच गावात राहिलेल्या एका मावशींना पुन्हा आत जायचे आहे. मी नवा अर्ज केला आहे. त्यात तिघांची नावे, वये आणि प्रत्येकाने तिथे काय काम केले ते लिहिले आहे, मावशींच्या नावापुढे ‘ऊसतोड कामगार’ असे स्वतंत्र लिहिले आहे, आणि भंगाराचा लिलाव निघण्याआधी तारीख मिळावी अशी विनंती केली आहे.